रिकाम्या टाकीतला धोका
देवासवरून जाणाऱ्या आग्रा-मुंबई महामार्गावर आणि धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या आसपास मालमोटारींच्या दुरुस्तीवर अनेकांची पोटे चालतात. गळकी टाकी ‘रिकामीच आहे’ म्हणून तिला थेट वेल्डिंगचा टाका मारणे मात्र जिवाशी खेळ आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते, आणि हे प्रमाण उपसलेल्या टाकीतच सहज जुळते. डिझेल लवकर पेटत नाही, हे खरे. पण तापलेला पत्रा आतल्या आडपडद्यांमागे चिकटलेल्या तेलाचीही वाफ करतो. म्हणून नुसते विसळणे पुरेसे नाही. टाकी उतरवून वाफेने धुवावी, आतली हवा वायुमापकाने तपासावी, मगच आच लावावी. यात वेळ आणि पैसा जातो, ही कारागिरांची तक्रार रास्त आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 37 ने हीच खबरदारी सक्तीची केली, पण दोन-चार माणसांचे गॅरेज कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. तेव्हा कारागिराला दटावण्याआधी प्रशासनाने आणि पीथमपूरच्या वाहन उद्योगाने टाक्या धुण्याची व तपासण्याची सामायिक सोय महामार्गालगत माफक दरात उभी करावी.