‘चमत्कारा’चा हिशेब

‘माणसे मारली खरी, पण देश सावरला’ – चिलीच्या ऑगुस्तो पिनोशेविषयी हे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडून वरचेवर ऐकू येते. त्याच्या पूर्वार्धातली निर्दयता उघड आहे. आमचा आक्षेप उत्तरार्धावरही आहे.

२३ ऑगस्ट १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांनीच पिनोशेला सरसेनापतिपदी नेमले. तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच ११ सप्टेंबरला सैन्याने उठाव केला. राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादावर विमानांतून मारा झाला आणि आयेंदे यांनी आत्महत्या केली. १९९० पर्यंतच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा कायमची बेपत्ता झाली.

आयेंदे यांच्या काळी महागाई भडकली होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मग १९८२ चे काय? त्या एका वर्षात चिलीचे उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घसरले, आणि १९८३ मध्ये खाजगीकरणाचे ढोल पिटणाऱ्या याच राजवटीला बुडत्या बँका ताब्यात घ्याव्या लागल्या. आयेंदे यांच्या कारकिर्दीत, १९७१ साली, राष्ट्राच्या मालकीच्या झालेल्या तांब्याच्या मोठ्या खाणी पिनोशेने परत केल्या नाहीत. सरकारी तांब्याच्या निर्यातीचा दहावा हिस्सा कायद्याने सैन्याला मिळत असे. हा निव्वळ योगायोग मानण्याइतके आम्ही भोळे नाही. १९८१ साली निवृत्तिवेतन खाजगी कंपन्यांच्या हवाली झाले. त्यातून वगळली गेली ती सेनादले! जे औषध वैद्य स्वतःच्या घरात देत नाही, त्याच्या गुणांचे पोवाडे इतरांनी का गावेत?

आणि ज्यांचा देश ‘सावरला’, त्यांचे म्हणणे काय? ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात, दहशतीचे सावट असतानाही, सुमारे ५६ टक्के मतदारांनी त्याला ‘नाही’ असे बजावले. ‘निदान हात तरी स्वच्छ होते’ हा शेवटचा बचावही २००४ साली कोसळला; अमेरिकेतल्या एका बँकेतली त्याची गुप्त खाती तेव्हा उजेडात आली. १० डिसेंबर २००६ रोजी तो मेला, तो एकाही खटल्यात शिक्षा न होता.

‘या देशाला एखादा हुकूमशहाच हवा’ असे आपल्याकडेही चहा पिता पिता सहज बोलले जाते. बोलणाऱ्याने गृहीत धरलेले असते, की बेपत्ता होणारा माणूस दुसऱ्याच्या घरातला असेल. आमच्या मते, चमत्कार म्हणायचाच तर तो या आंधळेपणाला म्हणावा.