पेढीसमोरची मोटार

वैशाखात सुप्यास मामांकडे जाणे झाले. बारामतीकडचे सुपे नव्हे. पारनेर तालुक्यातील, नगर-पुणे रस्त्यावरचे आपले सुपा. मामांच्या पेढीस यंदा शंभर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त घरातील तरुण मंडळींनी एक स्मरणिका काढण्याचे योजिले आहे. मुखपृष्ठाविषयी कुणाचेही दुमत नव्हते. ओसरीवर वर्षानुवर्षे टांगलेले एक मोठे छायाचित्र आहे. पेढीच्या पायरीपुढे पगडी आणि लांब कोट घातलेले मामांचे वडील, शेजारी त्यांचे दोन बंधू, आणि मागे एका भल्या थोरल्या मोटारीचे तोंड. त्याखाली छापावयाचा मजकूर मुद्रणालयात जुळूनही झाला होता : ‘आमच्या पूर्वजांची रोल्स-रॉईस’. ही मोटार कोण्या संस्थानिकाकडून आली, अशी घरातील समजूत. कोणत्या संस्थानिकाकडून, हे मात्र कुणालाच सांगता येत नसे.

“काका, मॉडेल कोणते तेवढे सांगा,” मामांचा नातू म्हणाला, “म्हणजे वर्षही टाकता येईल.” या सदराच्या वाचकांप्रमाणे त्यालाही माझा जुन्या फोटोंचा नाद ठाऊक आहे. ते छायाचित्र मी बालपणापासून पाहत आलो होतो; निरखून पाहण्याचा प्रसंग मात्र हा पहिलाच.

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे. महायुद्धापूर्वीच्या काळी उंची मोटार ‘घेणे’ आजच्यासारखे एका दुकानात उरकत नसे. रोल्स-रॉईस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत पूर्ण मोटार विकतच नसे. तिच्याकडून मिळे ती केवळ चासी, म्हणजे पोलादी सांगाडा, इंजिन, चाके, सुकाणू आणि पुढचे रेडिएटर. बसण्याचा सारा भाग गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधवून घ्यावयाचा. लंडनमधील बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली ही घराणी मुळात घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. तीच पुढे मोटारींच्या बॉडी बांधू लागली. आत लाकडाचा सांगाडा, वर हाताने ठोकून वळवलेला पत्रा. आपल्यातील कापडाच्या व्यापाऱ्यांना हे उमजण्यास वेळ लागणार नाही : ठाण एका गिरणीचे, शिलाई दुसऱ्याच शिंप्याची. म्हणून अशा मोटारीचे जुने छायाचित्र समोर आले की प्रश्न नेहमी दोन असतात. कापड कुणाचे, आणि शिंपी कोण?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आणि खरी मौज त्यातच. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास मागवलेली ड्यूसेनबर्ग घ्या. चासी अमेरिकेची, तीही पाचशेहून कमी संख्येने निघालेल्या प्रकारातील. अंगावरचा काळा-नारिंगी साज मात्र लंडनच्या गर्नी नटिंग यांचा. अमेरिकी मोटारींच्या जंत्रीत तो आकार शोधू गेल्यास दुसरा सापडावयाचा नाही. राजकोटच्या महाराजांसाठी १९३४ साली थ्रप अँड मेबर्ली यांनी बांधलेली केशरी रोल्स-रॉईस अशीच एकुलती एक. ती परदेशी गेली, आणि २०१० मध्ये मोनॅकोच्या लिलावातून त्याच घराण्याने पुन्हा घरी आणली. आपल्या डोळ्यांनी पाहावयाची तर कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन मेबॅक आहे. शाही दसऱ्याच्या दिवशी ती बाहेर निघते तेव्हा तिच्याभोवती उसळणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगणे नको. आणि एकाच चासीवर किती भिन्न साज चढू शकतो, याचा नमुना सुप्याहून तासाभराच्या आत पाहावयास मिळतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. पण राजेरजवाड्यांचा दिवाणखाना वाहणाऱ्या त्या चासीवर तेथे पोलादी चिलखत आहे. मुलांना घेऊन संग्रहालयात जाणारी मंडळी थेट रणगाड्यांकडे वळतात. त्यांनी या गाडीपाशी थोडे थांबावे.

आता छायाचित्राकडे वळू. पहिली ओळख रेडिएटरची. रोल्स-रॉईसचे रेडिएटर ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागासारखे असते : उभे खांब आणि वर त्रिकोणी माथा. बुगाटीचे घोड्याच्या नालाच्या आकाराचे, मेबॅकवर एकमेकांत गुंतलेले दोन एम. टोपणावरील मूर्तीवर मात्र विसंबू नये, कारण हौशी माणसे हवी ती मूर्ती बाजारातून आणून बसवीत. मग चाके पाहावीत. लाकडी आऱ्यांची की तारांची की सपाट तबकडीची, यावरून काळाचा अदमास लागतो. दिवे सुटे आहेत की पंख्यांत मुरलेले, तेही पाहावे. दार उघडे असेल तर भाग्यच म्हणावयाचे. उंबऱ्याच्या पट्टीवर बॉडी बांधणाऱ्याचे नाव कोरलेले असे आणि मूळ प्रत स्वच्छ असेल तर ते भिंगातून वाचता येते. नंबराच्या पाटीवरूनही प्रांत कळतो. काही संस्थानांच्या पाट्यांवर तर संस्थानाचे नावच असे. आणि दिव्यांवर अंधारबंदीची काळी झाकणे, किंवा मागे कोळशाचा गॅस तयार करणारी भट्टी दिसली, तर ते चित्र युद्धकाळातील समजावे. पेट्रोलचे रेशनिंग झाल्यावर अनेक गाड्या त्या गॅसवर चालत.

रंगाविषयी एक इशारा. जुन्या काळच्या पुष्कळ काचांना आणि फिल्मना तांबडा रंग ‘दिसत’ नसे. लाल किंवा केशरी वस्तू त्यांवर काळी उमटे, निळी फिकट. राजकोटची ती केशरी गाडी अशा काचेवर काजळासारखी दिसली असती. तेव्हा ‘आजोबांची काळी मोटार’ हे शब्द फोटोवरून उच्चारण्यापूर्वी थबकावे. तसेच प्रत उलटी छापली गेली तर सुकाणू डावीकडे जाते आणि मोटार विलायतेहून अमेरिकेस पोहोचते! अशा वेळी मोटार सोडून माणसांच्या कोटाची गुंडी कोणत्या बाजूस आहे ते पाहावे. आमच्या छायाचित्रात गुंड्या जागच्या जागी होत्या.

रेडिएटर मात्र जागच्या जागी नव्हते. माथा त्रिकोणी नाही, गोलसर. उभे खांब नाहीत, बारीक जाळी. ही रोल्स-रॉईस नव्हे, हे पहिल्या दोन मिनिटांतच कळले आणि पुढची दहा मिनिटे ते सांगावे कसे या विचारात गेली. अखेर मी “ब्यूईक असावी” असे म्हणालो. तेही चूकच होते. भिंतीवरचे चित्र मूळ प्रतीवरून वाढवून घेतलेले, त्यामुळे रेडिएटरवरील चिन्ह धुरकट झालेले. अशा वेळी ‘ठाऊक नाही’ म्हणावे, एवढी अक्कल मला त्या वयातही असावयास हवी होती. दुसरीही एक गोष्ट खटकत होती. समोरची काच अगदी उभी, जाड लाकडी चौकटीतली, आणि तिच्या वर घराच्या वळचणीसारखे छप्पर पुढे आलेले. ब्यूईकला अशी वळचण कुठली?

मूळ प्रत माडीवरच्या लोखंडी ट्रंकेत निघाली. जाड पुठ्ठ्यावर डकवलेली, तळहाताहून थोडी मोठी. ती हाती येताच मामांचा नातू एकदम म्हणाला, “अरे, हा फोटो तर केवढा रुंद आहे!” वाढवून घेताना कुणीतरी उजवीकडचा निम्मा भाग कापून टाकला होता. त्या निम्म्या भागात मोटारीचे उरलेले सारे अंग होते. लांबच लांब लाकडी बॉडी, काचेऐवजी गुंडाळून बांधलेले किंतानाचे पडदे, आत आडवी बाके, टपावर सामानाचा कठडा आणि चढावयास शिडी. मागे दुहेरी चाके. रेडिएटरवरील चिन्ह आता भिंगाखाली स्पष्ट होते : शेवरलेचा तो आडवा, गळ्यातील ‘बो’सारखा ठसा. दिव्यांवर झाकणे नाहीत, मागे भट्टी नाही. म्हणजे युद्धापूर्वीचे चित्र. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीस कारखाना काढला, तेव्हापासून शेवरले गाड्या तेथे जुळवल्या जात. मालमोटारीची चासी घ्यावयाची आणि बॉडी गावाकडे बांधावयाची, ही त्या काळची सर्रास रीत. आमची रोल्स-रॉईस ही सर्व्हिस मोटार होती.

ओसरीवर शांतता पसरली. मामांचा नातू हळूच म्हणाला, “मग हा फोटो मुखपृष्ठावर नको. मंदिराचा घेऊ.”

मामा आता ८८ वर्षांचे आहेत. ऐकू कमी येते, दृष्टी उत्तम. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी कोनाड्यावरच्या फळीवरून जुन्या वह्यांचे बासन काढावयास लावले. लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, मोडीत लिहिलेल्या त्या वह्या गेली कित्येक वर्षे केवळ दिवाळीच्या पूजनापुरत्या खाली उतरत. मामा मोडी अजूनही सफाईने वाचतात. दोन वह्या चाळून झाल्यावर तिसरीत, संवत १९९० च्या म्हणजे इसवी सन १९३३-३४ च्या खतावणीत, ‘मोटार खाते’ निघाले. ते मोठ्याने वाचू लागले. चासी. सागवान. पत्रा. लोखंडी पट्ट्या. काथ्या. स्क्रू, खिळे, रंग. किंतान. आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा, पंधरवड्यागणिक, एकाच नावावर सुतारमजुरी. पाचव्या-सहाव्या नोंदीनंतर मामांचा आवाज थांबला. “संस्थानिक कुठेच नाही रे,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “वडिलांनी मला कधी सांगितले नाही, की मीच विचारले नाही, कोण जाणे.”

पुढच्या पानांवर भाड्याची जमा आहे, टायरांचा खर्च आहे. खर्चाची बाजू जमेहून जड आहे. तीन वर्षांनी खाते बंद झालेले दिसते. नगर-पुणे रस्त्यावर त्या काळी अशा खासगी सर्व्हिस मोटारी धावत, एकमेकींशी चढाओढ करीत. पुढे १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस याच रस्त्याने, सुप्यावरूनच, नगरहून पुण्यास गेली. तिचीही बॉडी लाकडी होती आणि आसने काथ्याची.

मला जे म्हणावयाचे होते ते मी तेथेच म्हणालो, आणि वाचकांसाठी पुन्हा लिहितो. होळकरांच्या ड्यूसेनबर्गचा कागद न्‌ कागद जगाने जपला. तिच्यावर ग्रंथ निघाले. गावोगावच्या सुतारांनी सागवानात बांधलेल्या या मोटारींचे मात्र छायाचित्रही विरळा आढळते. लाकूड कुजले, पत्रा भंगारात गेला, चासीवर दुसरी बॉडी चढली. बांधणी या दृष्टीने पाहता गर्नी नटिंग आणि सुप्याचा सुतार एकाच धंद्यातले : दोघांनीही परक्याच्या चासीवर, लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा चढवून, गिऱ्हाइकाच्या गरजेबरहुकूम अशी एक गाडी उभी केली की जिच्यासारखी दुसरी नाही. दुर्मीळ मोटारींचा शोध घेणारे जाणकार अशा छायाचित्रासाठी, आणि त्याहून अधिक अशा खतावणीसाठी, पदरमोड करून सुप्यास येतील. फोटो आणि वही एकाच घरात सापडणे हा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. व्यापारी घरांत तो येऊ शकतो, कारण आपल्या पूर्वजांना पै-पैचा हिशेब लिहून ठेवण्याची सवय होती. ज्यांच्या माळ्यावर वह्यांची बासने आहेत त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. आणि छायाचित्र मोबाईलवर टिपताना कडा कापू नयेत, पाठीवरचा शिक्काही टिपावा.

कडांचे एवढे मनावर घेण्याचे कारण आहे. मूळ प्रतीच्या अगदी उजव्या टोकास, मागच्या चाकापाशी, एक माणूस उभा आहे. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, कानावर पेन्सिल. त्याचा एक हात बॉडीच्या लाकडावर टेकलेला आहे. सारी मंडळी छायाचित्रकाराकडे पाहत आहेत, हा एकटा मोटारीकडे पाहतो आहे. भिंतीवरच्या चित्रात तो गेली कित्येक वर्षे नव्हता.

त्या माणसाकडे मामा भिंगातून पुष्कळ वेळ पाहत होते. मग त्यांनी नातवास मुद्रणालयात फोन लावावयास सांगितले. मुखपृष्ठावर हेच छायाचित्र येईल, पूर्ण रुंदीचे. खालच्या ओळीत सालाबरोबर खतावणीतील ते सुताराचे नाव येईल. नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्या माणसांचा गावात शोध चालू आहे आणि त्यांना विचारल्यावाचून ते छापू नये असे मामांचे म्हणणे. तो कानावर पेन्सिल ठेवणारा म्हणजे तोच सुतार, हे तरी कशावरून, असे मी विचारून पाहिले. “ते तूच म्हणालास ना, शिंपी ओळखणे अवघड?” मामा म्हणाले. “त्यांच्या घरचे कोणी फोटो पाहून सांगतील. नाही सांगितले, तर नावाखाली तसे लिहू.”

ओसरीवरची चौकट आता अपुरी पडणार. नव्या चौकटीचे माप नगरला गेले आहे.