गाडीला खालून कोटिंग: सेनगावात खरंच गरज आहे का?

पावसाळा आला की 'गाडीला अंडरबॉडी कोटिंग करून घ्या' असा सल्ला शोरूमपासून गॅरेजपर्यंत मिळतो. पण हिंगोली जिल्ह्यातलं सेनगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब आहे. मग इथे गंजाची भीती कशाला?

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. मीठ त्याचा वेग वाढवतं, म्हणून कोकणात गाड्या लवकर गंजतात. सेनगावात खारी हवा नाही, पण काळी माती आहे. तिचा चिखल मडगार्डच्या आत चिकटतो आणि ओल धरून ठेवतो. पिकअपमध्ये सांडलेलं पोटॅश खतही क्षारच असतं. तेही पत्रा खातं.

कोटिंग कोणतं?

डांबर किंवा रबराचा जाड थर खडीचा मार झेलतो. पण तो चिखलावर किंवा जुन्या गंजावर मारला, तर ओल आत कोंडते आणि पत्रा नजरेआड कुजतो. मेण किंवा तेलाचा पातळ फवारा फटींत शिरतो, पण तो धुतला जातो आणि पुन्हा मारावा लागतो.

मग काय करावं?

नव्या गाडीला कारखान्यातच गंजरोधक थर दिलेला असतो. त्यामुळे आधी वॉरंटी वाचा. जुनी गाडी खालून धुऊन, वाळवून, गंज घासूनच फवारा मारा. सायलेन्सर, ब्रेक आणि पाणी निचऱ्याची छिद्रं मोकळी ठेवा.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करताना तपासणी होते. तोवर चॅसी टिकवायची, तर सगळ्यात स्वस्त उपाय एकच: शेतातून आल्यावर चिखल धुणं.