जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारा

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पाळीव मांजरे एका हृदयविकाराने मोठ्या संख्येने दगावत होती. हृदयाच्या भिंती पातळ पडत, हृदय फुगत जाई, रक्त ढकलण्याचा जोर ओसरे. छातीत पाणी साठून मांजर धापा टाकू लागे आणि औषधांचा फारसा उपयोग होत नसे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय शाखेतील पॉल पियॉन यांना अशा मांजरांच्या रक्तात टॉरिन हा घटक फारच कमी आढळला. त्यांनी टॉरिन देऊन पाहिले, आणि हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोमध्ये, तेच हृदय पुन्हा जोमाने आकुंचन पावताना दिसू लागले. १९८७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे संशोधन आले, कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यातले टॉरिन वाढवले आणि हा आजार विरळा झाला.

माणसाचे शरीर टॉरिन स्वतः तयार करते. मांजराला ते पुरेसे जमत नाही. मांस-मासळीतूनच मिळवावे लागते.

एखादा घटक कमी पडून हृदय बिघडण्याची ही गोष्ट मांजरांपुरती नाही. चीनमधल्या केशान परगण्यात १९३५ मध्ये माणसांच्या हृदयाच्या स्नायूंचा एक जीवघेणा आजार नोंदला गेला. त्यात लहान मुले आणि तरुण स्त्रिया अधिक बळी पडत. कारण कित्येक वर्षे सापडले नाही. मातीत सेलेनियम कमी असले की कोकरांचे आणि वासरांचे स्नायू पांढुरके पडून निकामी होतात, हे पशुवैद्यांना ठाऊक होते. हा धागा माणसांच्या आजाराशी जुळला. सत्तरच्या दशकात चीनमध्ये हजारो मुलांना सेलेनियमच्या गोळ्या देण्यात आल्या आणि आजाराचे प्रमाण झपाट्याने घटले. गोठ्यातले ज्ञान दवाखान्यात पोहोचल्यामुळे मुले वाचली.

कुत्र्यांकडूनही शिकण्यासारखे आहे. डॅशहुंड, कॅव्हेलियर यांसारख्या लहान जातींच्या कुत्र्यांत वय वाढले की हृदयाची मायट्रल झडप जाड होऊन गळू लागते. माणसांतही ही झडप अशीच झिजते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३६० कुत्री होती. हृदय वाढलेले, पण लक्षणे अजून नाहीत, अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केल्यास हार्ट फेल्युअर सरासरी सव्वा वर्ष लांबते, असे त्यात दिसले. धाप लागेपर्यंत वाट न पाहता हृदय जपायला सुरुवात करावी, हा त्यातला धडा.

प्राण्यांकडून शिकण्याची ही वाट मुंबईला नवी नाही. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण त्यामागे कुत्र्यांवर केलेला वर्षानुवर्षांचा सराव होता. सापाच्या हृदयाच्या स्नायूंना हृदयाच्या पोकळीतूनच थेट रक्त मिळते, हे पाहून सेन यांनी हृदयाच्या भिंतीला सुईने छिद्रे पाडण्याची पद्धत अजमावली होती. पुढे हेच काम लेसरने करण्याची शस्त्रक्रिया जगात निघाली.

१८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही केईएमप्रमाणे परळमध्येच आहे. एक संस्था नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, दुसरी नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वाटा वेगळ्या पडतात. दोन्ही विद्यापीठांनी हृदयरोगाची मासिक संयुक्त बैठक अभ्यासक्रमात सक्तीची करावी. एका बाजूने झडप गळणारा रुग्ण मांडला जावा, दुसऱ्या बाजूने तसाच कुत्रा. दोघांचे इको शेजारी शेजारी लावून विद्यार्थ्यांनी वाचावेत. यासाठी नवी इमारत नको, मोठा निधी नको. दोन कुलगुरूंनी पत्रव्यवहार करून येत्या शैक्षणिक वर्षात पहिली बैठक परळलाच घ्यावी.