तडकलेली डिस्क बदलण्याआधी

अवजड गाडीची ब्रेक डिस्क किंवा ड्रम तडकला की गॅरेजात पहिला दोष पार्टला दिला जातो. ‘हलका पार्ट होता’ म्हणायचं, दुसऱ्या कंपनीचा बसवायचा आणि गाडी रस्त्यावर काढायची. काही महिन्यांनी त्याच चाकाला तशीच भेग पडते. कधी पार्ट खरोखर हलका असतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा भेग उष्णतेने पाडलेली असते, आणि ती उष्णता कुठून आली हे न विचारता नवी डिस्क बसवणं म्हणजे पुढची भेग आजच विकत घेणं.

उष्णता किती, ते बोरघाटात पाहा. दहा चाकी ट्रकचं मालासह कायदेशीर वजन 2018 मध्ये 25 टनांवरून 28.5 टन झालं. असा ट्रक सुमारे 500 मीटर खाली उतरतो तेव्हा जवळपास 39 युनिट विजेइतकी ऊर्जा जिरवावी लागते. साध्या घराला आठवडाभर पुरेल एवढी ही ऊर्जा त्या एका उतारावर संपवायची असते. थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची एकतर इंजिनाने अडवायची, नाहीतर ब्रेकने. ओव्हरलोड असेल तर हिशेब आणखी चढतो.

डिस्क आणि ड्रम सहसा बीडाचे असतात. पॅड दाबून धरला की वरचा थर शेकडो अंशांनी तापतो, आतला भाग मागे राहतो. तापलेल्या थराला पसरायचं असतं, आतला भाग पसरू देत नाही, आणि तो थर दाबला जाऊन कायमचा आखडतो. डिस्क निवू लागली की हाच आखडलेला थर ताणला जातो. बीड दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही. त्यामुळे भेग उघडते ती बहुधा निवताना. घाट उतरल्यावर तापलेल्या चाकावर पाण्याची बादली ओतण्याची सवय म्हणूनच घातक आहे. निळे-काळे डाग दिसले तर समजावं की तिथे बीड जास्तच तापलं. अशा जागी ते कडक आणि ठिसूळ होतं.

प्रत्येक भेग मरणाची नसते. पृष्ठभागावरचं बारीक जाळं चालतं. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत पॅड घासतो त्या पट्ट्याच्या रुंदीच्या पाऊणपट ही भेगेच्या लांबीची हद्द असते. काठापर्यंत पोचलेली किंवा आरपार गेलेली भेग असेल तर गाडी तिथेच उभी करावी.

आता मुख्य गोष्ट. भेग कोणत्या चाकाला आहे, यात अर्धं निदान असतं. एकाच चाकाला असेल तर त्या चाकाचा कॅलिपर किंवा त्याच्या पिना अडकल्या आहेत का, ब्रेक सुटल्यावरही पॅड घासतो आहे का, ड्रम असेल तर स्लॅक अ‍ॅडजस्टर नीट आहे का, ते पाहा. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना असेल तर बाकीचे अ‍ॅक्सल आपला वाटा उचलत नसतील. ट्रेलरच्या गाडीत पुढच्या घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या भागाच्या, डिस्क तडकतात आणि ट्रेलरचे ड्रम नव्यासारखे राहतात, तेव्हा ट्रेलरचा ब्रेक लागतच नाही अशी शंका घ्यावी. मेकॅनिकने पाहायला हवा तो ट्रेलर, पण बदलली जाते घोड्याची डिस्क. सगळीच चाकं भाजलेली असतील तर दोष वजनात आहे, नाहीतर गाडी चालवण्यात.

चालवण्यातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे न्यूट्रल. डिझेल वाचतं या समजुतीने उतारावर गिअर काढला जातो, कधी इंजिनही बंद केलं जातं. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर लावून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरतं ठेवायला ते जळत राहतं. इंजिन बंद केलं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि ब्रेकच्या प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा ब्रेक फेलची चर्चा आधी झाली आणि न्यूट्रलची नंतर.

घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर चालू करावा, आणि ब्रेक सतत धरून न ठेवता वेग वाढला की दाबून सोडावा. अनुभवी ड्रायव्हर हे जाणतात. पण वेळेत पोचला नाही म्हणून पगार कापणारा आणि डिझेलचा थेंब थेंब मोजणारा मालक त्यांना तसं चालवू देत नाही. माझा राग मालकावर आहे, स्टिअरिंगवर बसलेल्या माणसावर नाही.

परिवहन विभागाने एक साधं काम करावं. घाटाच्या पायथ्याशी थांबवलेल्या गाड्यांची चाकं लांबून तापमान दाखवणाऱ्या यंत्राने तपासावीत. इतरांपेक्षा फार तापलेलं चाक पकडावंच, पण बाकीची तापलेली असताना थंड राहिलेलं चाक अधिक बारकाईने पाहावं. त्याचा ब्रेक काम करत नाही, आणि त्याच्या वाट्याचं ओझं शेजारचं चाक वाहतं आहे. तापलेल्या आणि थंड चाकांच्या तापमानाची नोंद मालकाच्या हातात द्यावी, आणि पुढच्या फिटनेसच्या वेळी ती मागावी.