नैराश्यावरची गोळी डोकेदुखीला कशाला?

महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखते आणि तीन महिन्यांहून जास्त काळ हे असेच चालू राहते. दुखणे दोन्ही बाजूंना, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे. उलट्या होत नाहीत, जिना चढल्याने ते वाढत नाही, कामही कसेबसे उरकते. वैद्यकशास्त्र याला दीर्घकालीन ताणजन्य डोकेदुखी म्हणते. अशा माणसाचा चष्म्याचा नंबर तपासून होतो, सायनसची शंका घेतली जाते, रक्तदाब मोजला जातो, खर्च झेपत असेल तर एमआरआयही होतो, आणि सगळे ‘नॉर्मल’ येते. मग कुणीतरी डॉक्टर रात्री घ्यायला दहा मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलीन लिहून देतात. घरी मोबाइलवर नाव शोधले, की पहिल्याच ओळीत कळते, हे तर डिप्रेशनचे औषध! सकाळी तोंड कोरडे पडलेले असते, डोळ्यांवर झापड असते. दोन-तीन दिवसांत गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि मेडिकलमधून पुन्हा नेहमीची वेदनाशामक गोळी येते. औषध नाकारायला योग्य कारणेही असू शकतात, पण ‘मला वेड लागलेले नाही’ हे त्यातले नाही. आणि हा गैरसमज रुग्णाच्या डोक्यात राहिला, याची मोठी जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मौनावर येते.

अमिट्रिप्टिलीन अमेरिकेत १९६१ मध्ये नैराश्यावरचे औषध म्हणून बाजारात आली. अवघ्या तीन वर्षांत, १९६४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स आणि त्यांचे सहकारी करन यांनी रोजच्या डोकेदुखीवर तिचा उपयोग होतो, असे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. म्हणजे हा वापर काही कालपरवाचा नाही. प्रश्न एवढाच उरत होता, की मनःस्थिती सुधारते म्हणून डोके दुखायचे थांबते, की औषध वेदनेवर वेगळ्याच वाटेने काम करते? त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर १९९६ मध्ये डेन्मार्कमधून आले. नैराश्य नसलेल्या चाळीस रुग्णांना आळीपाळीने अमिट्रिप्टिलीन, सिटालोप्रॅम आणि औषध नसलेली नकली गोळी देण्यात आली. अमिट्रिप्टिलीनने डोकेदुखीचा एकूण भार नकली गोळीच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी केला. सिटालोप्रॅमचा फरक लक्षणीय ठरला नाही. सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचे चांगले औषध आहे. फायदा मन सावरण्यातून होत असता, तर तो तिथेही दिसायला हवा होता. या गटातल्या नव्या औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही ताणजन्य डोकेदुखी रोखण्यात नकली गोळीपेक्षा सरस असा फायदा आढळला नाही. तेव्हा ‘नैराश्यावरच्या गोळ्यांनी डोकेदुखी थांबते’ हे वाक्यच ढिले आहे. थांबत नाही. त्यातल्या एका जुन्या, काहीशा बोजड औषधाने ती कमी होते, आणि त्याची कारणे वेगळी आहेत.

ती कारणे आता बऱ्यापैकी समजली आहेत. रोज दुखत राहिले की वेदना वाहून नेणारी यंत्रणा अतिसंवेदनशील होते. कपाळाचे, मानेचे स्नायू साध्या दाबानेही दुखू लागतात आणि मेंदूतून खाली येणारा वेदना रोखण्याचा संदेश क्षीण पडतो. अमिट्रिप्टिलीन सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या दोन्ही रसायनांचा प्रभाव टिकवून धरते, शिवाय मज्जापेशींच्या काही वाहिन्यांवरही परिणाम करते. मधुमेहात पायांची आग होते, तिथेही ती याच कारणाने दिली जाते. डोसही पाहण्यासारखा आहे. नैराश्यासाठी साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतात. डोकेदुखीसाठी सुरुवात दहापासून होते आणि अनेकांचे २५ ते ७५ मध्ये भागते. अर्धशिशीच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल दिले जाते, ते मूळचे रक्तदाब आणि हृदयविकाराचे औषध. व्हॅल्प्रोएट दिले जाते, ते फिट्सचे. ‘मला बीपी नाही, ही गोळी का?’ असे रुग्ण विचारतो, उत्तर ऐकतो आणि गोळी घेतो. अडचण फक्त मनाच्या आजाराशी नाव जोडलेल्या औषधापाशी येते. ही लाज आपल्या समाजाची आहे, पण तिची किंमत डोके दुखणारा माणूस मोजतो.

आता खरा आक्षेप. फायदा मुळात किती? इथे औषधाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आवाज थोडा खाली आणावा. २००१ मध्ये अमेरिकेत केनेथ होलरॉइड आणि सहकाऱ्यांनी २०३ प्रौढांवर केलेली चाचणी या विषयातली सर्वांत उपयोगी आहे. डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेले रुग्ण नकली गोळीच्या गटात २९ टक्के होते, औषधाच्या गटात ३८ टक्के. नऊ टक्क्यांच्या या फरकासाठी तोंड कोरडे करून घ्यायचे का, असे कुणी विचारले तर तो प्रश्न उर्मट नाही. पण त्याच चाचणीत दोन गोष्टी आणखी दिसल्या. निम्म्याची कडक अट बाजूला ठेवून पाहिले, तर डोकेदुखी, वेदनाशामकांचा वापर आणि कामात येणारा अडथळा, तिन्ही बाबतींत औषधाचा गट नकली गोळीच्या पुढे होता. दुसरी गोष्ट मोठी आहे. तणाव हाताळण्याचे प्रशिक्षण एकटे दिले तेव्हा आकडा ३५ होता. औषध आणि प्रशिक्षण मिळून तो ६४ झाला. ‘ताणावर इलाज करा, गोळ्या कशाला’ म्हणणारे आणि ‘गोळी घ्या, बाकी सोडा’ म्हणणारे, दोघांचेही या आकड्यापुढे अर्धेच खरे ठरते. तज्ज्ञांतही एकमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. युरोपातील मेंदूविकारतज्ज्ञांच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत अमिट्रिप्टिलीन पहिल्या पसंतीची आहे, तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये याच दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरच्या दहापर्यंत बैठका सुचवल्या. पुरावा मध्यम दर्जाचा असला की असेच होते.

‘सवय लागेल’ ही दुसरी भीती. या औषधाची तलफ लागत नाही. अचानक बंद केल्यास मळमळ, झोपमोड, अस्वस्थता होऊ शकते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने थांबवतात. सवयीचे खरे संकट वेदनाशामकांचे आहे. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली संयुक्त गोळी दहा दिवसही, तीन महिन्यांहून जास्त घेतली तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते. बंगळूरु परिसरात झालेल्या एका मोठ्या पाहणीत महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखणारे लोक सुमारे तीन टक्के आढळले, आणि त्यांत असा अतिवापर करणारेही बरेच होते. चिठ्ठीशिवाय मिळणारी, म्हणून निरुपद्रवी वाटणारी ही गोळी रोज चालते. आणि डॉक्टरांनी विचार करून दिलेली मात्र भीतीपोटी टाकली जाते.

यातून अमिट्रिप्टिलीन निर्धोक ठरत नाही. पेंग, बद्धकोष्ठता, वजनवाढ हे परिणाम खरे आहेत. काचबिंदूचा धोका असलेले, प्रोस्टेट वाढलेले, हृदयाच्या ठोक्यांचा विकार असलेले आणि वृद्ध, यांच्या बाबतीत दुसरा विचार करावा लागतो. जास्त मात्रेत ती जिवावर बेतते, त्यामुळे घरात आत्महत्येचा धोका असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, ताप आणि मान ताठरणे, हातपाय लुळे पडणे, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले दुखणे यांना ताणजन्य म्हणून गोळी देणे चूकच. पण ही सगळी कारणे डॉक्टरांशी बोलूनच समजतात, मोबाइलच्या पहिल्या ओळीतून नाही.

आणि बोलणेच तर होत नाही. या औषधाचे त्रास पहिल्या आठवड्यात जास्त असतात आणि फायदा दिसायला काही आठवडे लागतात. ही एक गोष्ट आधी सांगितली नाही, तर रुग्ण औषध सोडणारच. ते मूळचे कशाचे, इथे कशासाठी, किती वाढवायचे, गुण आल्यास सहाएक महिन्यांनी कसे कमी करून पाहायचे, हे सांगायला दहा मिनिटे लागतात. डोकेदुखीची वही ठेवायला सांगायला आणखी एक. औषध राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे, स्वस्तही आहे. त्या ६४ टक्क्यांतला दुसरा भाग, म्हणजे शिथिलीकरण आणि ताण हाताळण्याचे शिक्षण, अमेरिकेतल्या चाचणीत मोजक्या बैठका आणि घरी करायचा सराव यांवर भागले होते. प्रशिक्षित परिचारिका ते शिकवू शकेल. महाराष्ट्रातल्या किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत डोकेदुखीच्या रुग्णासाठी अशी बैठक होते, हा प्रश्न आरोग्य खात्याला विचारायला हवा. आणि ती बैठक मानसोपचार कक्षाच्या दारात नको, नेहमीच्या ओपीडीतच हवी, नाहीतर गोळीचे झाले तेच तिचेही होईल.