सवलतीची चोरी

गोल्फ हा सधनांचा खेळ. त्यातील नियमांची उठाठेव इतरांनी कशाला करावी, असे कोणी म्हणेल. परंतु त्यातील ‘हँडिकॅप’ची व्यवस्था समतेचा विचार करणाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. कमीत कमी फटक्यांत अठरा होल पुरे करील तो विजयी, हा मूळ नियम. तो जसाच्या तसा लावला तर कच्च्या खेळाडूला पक्क्याशी सामना करताच येणार नाही. म्हणून ज्याला त्याला कुवतीनुसार फटक्यांची सूट मिळते. हँडिकॅप ६ असलेल्याला ८० फटके लागले आणि १८ असलेल्याला ९०, तर सूट वजा जाता ७४ विरुद्ध ७२ असा हिशेब होऊन दुसरा जिंकतो. ही दया नव्हे, न्याय होय.

मात्र जेथे दुर्बलतेला सवलत असते, तेथे दुर्बलतेचे सोंगही येते. खरी योग्यता १२ ची असताना एखादा १८ चा म्हणून वावरतो. चांगल्या फेऱ्यांची नोंद टाळतो, बिनमहत्त्वाच्या फेऱ्यांत मुद्दाम चुकतो आणि स्पर्धेच्या दिवशी सहा फुकटचे फटके पदरी बांधून मैदानात उतरतो.

२०२० साली सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीने याला बराच पायबंद घातला आहे. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्याच सरासरीस धरतात. त्यामुळे दोनचार फेऱ्या बिघडवून काही साधत नाही. वर्षभरातील नीचांकापेक्षा हँडिकॅप ३ ने वाढला की पुढील वाढ निम्मीच धरली जाते आणि ५ च्या पुढे ती थांबते. एखादी फेरी हँडिकॅपच्या मानाने ७ किंवा अधिक फटक्यांनी सरस ठरली, तर हँडिकॅप आणखी कापला जातो.

तरीही जी फेरी नोंदलीच नाही, ती कोणत्या सूत्राला दिसणार? ती दिसते बरोबर खेळणाऱ्यांना. म्हणूनच या पद्धतीत सहखेळाडूंच्या देखरेखीला स्थान आहे आणि हँडिकॅप बदलण्याचा अधिकार क्लबच्या समितीला आहे. पण लबाड माणूस मित्र असतो, कधी बडा अधिकारी वा देणगीदार असतो. मग सारे भिडेपोटी गप्प बसतात.

१९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत हौशी खेळाडू बॉबी जोन्स याने आपला चेंडू किंचित हलल्याचे स्वतःच सांगून एक दंडाचा फटका ओढवून घेतला. इतर कोणी ते पाहिले नव्हते. सामना बरोबरीत गेला आणि निर्णायक लढतीत तो हरला. हँडिकॅपची सारी इमारत अशा सचोटीवर उभी आहे.

खोट्या हँडिकॅपने लुटला जातो तो बलवान खेळाडू नव्हे. त्याला बक्षिसे पुष्कळ मिळतात. लुटला जातो खरोखरीचा कच्चा खेळाडू. त्याच्या हक्काची सूट दुसरा वापरतो आणि उद्या तो मेहनतीने सुधारला तर संशयही त्याच्यावरच येतो. अखेर सवलतच बंद करा, अशी ओरड होते. सवलत टिकवायची असेल, तर तिची चोरी उघड करण्याचे धैर्य ती मान्य करणाऱ्यांनीच दाखविले पाहिजे.